सोबतीला नेलेली बाई

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात त्या काळी दोनच औषधं मिळतात, असं लोक थट्टेनं म्हणत. एक तांबडं, एक पांढरं. तांबडं प्यायचं, पांढरं चोळायचं, आणि दोन्हींनी गुण आला नाही तर तानूबाईला गाठायचं. तानूबाई त्या दवाखान्यात आया होती. लुगड्याचा घट्ट काष्टा, कपाळ मोकळं, हातात सदा एक ओलं फडकं, आणि तोंड असं की तिच्यासमोर कंपाउंडरसुद्धा बाटलीवरची कागदाची पट्टी सरळ चिकटवायचा. आवारातल्या लिंबाखाली बैलगाड्या सुटलेल्या असत. रोगी एक आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं चार. गळू फोडून घ्यायला कुणी एकटं येत नसे. घरची मंडळी भाकरी बांधून यायची, गळू फुटेपर्यंत बाहेर बसायची आणि जाताना बाजारही करून जायची. काय दिवस होते ते! औषध थोडं होतं, पण माणूस एकटं पडत नव्हतं. निदान आपण सगळे तसंच समजत होतो.

तालुक्यात तानूबाईचं नाव झालं ते मात्र निराळ्याच कामानं. एखाद्या घरातल्या बाईचं डोकं फिरलं की आधी देवऋषी, मग अंगारा, मग कोंडून ठेवणं, आणि घरचे टेकीला आले की मामलेदार कचेरीत अर्ज. तिथून हुकूम निघायचा, की बाईला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवा. पोचवणार पोलीस. पण बाईमाणसाबरोबर नुसता पोलीस कसा पाठवायचा? बरोबर बाई हवी, आणि पोलिसात तेव्हा बाई कुठली? म्हणून तानूबाई. पुढं संभाजीराव हवालदार, मागं तानूबाई, अशी ही जोडी कितीतरी वर्षं हिंडली. वडगाव निंबाळकरसारख्या बारामतीकडच्या गावांतूनही तिला बोलावणं यायचं.

संभाजीरावांच्या पिशवीत दोरी असे. ती त्यांना कधी बाहेर काढावी लागली नाही. काढू देईल तर ती तानूबाई कसली! ती त्या घरात शिरायची, आधी हक्कानं चहा मागायची. मग त्या बाईजवळ फतकल मारून बसायची, डोक्याला तेल लावायची, जटा झालेले केस एकेक करून सोडवायची. आणि केस मोकळे झाले की रडवेल्या आवाजात म्हणायची, “बाई गं, माझंच डोकं अलीकडं बरं ऱ्हात न्हाय. पुण्याच्या दवाखान्यात जायाला सांगितलंय. एकटीला लई भ्या वाटतं बघ. येतीस का सोबतीला?”

आता, सोबतीला चल म्हटल्यावर आपल्याकडची बाई नाही म्हणत नाही. पाटावर धुणं धुवायला जायचं असो, नाहीतर लेकीच्या सासरी. चुलीवरचं उतरवून ठेवायचं आणि निघायचं. माणसाचं डोकं फिरतं, अंगात मुरलेली रीत फिरत नाही. घरातल्या चार बाप्यांना न आवरणारी बाई मुकाट्यानं तोंड धुवायची, लुगडं नीट करायची आणि तानूबाईला हाताला धरून एस.टी.त चढायची. वडगावच्या एकीनं तर कंडक्टरची हजेरी घेतली होती, “आजारी बाईला हुभी ठिवतुस व्हय रं? उठीव त्या बाप्याला!” सगळी गाडी हसली, आणि तानूबाई आजाऱ्यासारखं कण्हत खिडकीशी बसली.

इस्पितळात त्या बाईला वजन करायला आत नेत. तेवढ्या वेळात तानूबाई मागच्या मागं निघून यायची. बारामतीच्या स्टँडवर बशीतून चहा पिताना हवालदाराला म्हणायची, “सुटली बिचारी.” कोण सुटलं, हे तिनं कधी नीट ठरवलं नव्हतं. दोरी नाही, मार नाही, आरडाओरडा नाही. लोक वाखाणायचे आणि तिलाही आपल्या या युक्तीचा अभिमान होता. गेलेली बाई परत यायची नाही, त्यामुळं विचारणारंही कुणी नव्हतं.

त्रेपन्न साली लासुर्ण्याहून बोलावणं आलं. दत्तोबा म्हणून एक बागायतदार, पाटाच्या पाण्यावर वांगी-मिरची करून बारामतीच्या बाजाराला नेणारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्याची बायको कुशाबाई. तिचं पाच महिन्यांचं तान्हं तापानं गेलं, आणि तेव्हापासून कोरडी सरी दिसली की ती कासावीस व्हायची. “पोराला तहान लागलीया,” म्हणायची आणि भर दुपारी जाऊन दुसऱ्याच्या वाफ्याची मातीची दारं फोडून पाणी वळवायची. पाण्याची पाळी म्हणजे लासुर्ण्यात देवाच्या पालखीपेक्षा मोठी गोष्ट. ज्याची पाळी त्याचं पाणी. शेजारच्या रामहरीचं पाणी तिनं तीनदा वळवलं, त्याचा मिरचीच्या रोपांचा तरवा करपला. माणसं पोराच्या दुःखाला हळहळली, पण पाण्याला कुणी क्षमा करत नाही. शेवटी दत्तोबाची आई चंद्राबाई हिनंच सांगितलं, की द्या अर्ज.

तानूबाईनं नेहमीप्रमाणं केस सोडवले, नेहमीप्रमाणं विचारलं. कुशाबाई परातीत पीठ मळत होती. तिनं हात धुतले. दहा वर्षांची सरू दारात उभी होती, तिला म्हणाली, “धाकट्या भावाकडं बघ गं. ह्या मावशीला पोचवून येते.” आणि निघाली. परातीतल्या पिठाच्या भाकरी त्या दिवशी चंद्राबाईनं थापल्या.

त्यानंतर चार वर्षं गेली. इंदापूरच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले, तरुण आणि उत्साही, दिसेल त्या माणसाला टोचणारे. एक दिवस पुण्याहून लांबलचक पत्र आलं. डॉक्टरांनी ते टेबलावर पसरलं आणि तानूबाईला हाक मारली.

“तानूबाई, तुमचं काम आता बंद होणार बघा. वेडावर गोळ्या निघाल्यात. इस्पितळात नवे नियम आलेत. ज्यांना उतार पडलाय त्यांना घरी पाठवणार. गोळ्या दर महिन्याला आपल्या दवाखान्यातून द्यायच्या. घरच्या माणसानं संमतीचा अंगठा दिला की झालं.”

“परत पाठिवनार?” तानूबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

“हो तर! आपल्या तालुक्यातलं पहिलंच नाव आहे, लासुर्ण्याच्या कुशाबाई. सगळं बरं आहे म्हणतात. जेवण, झोप, काम, सगळं. एकच भ्रम टिकून आहे. तो असल्यामुळं दोनदा घरी पाठवायचं राहिलं.” डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, “‘स्वतःला आजारी मानत नाही. आपण तानू नावाच्या आजारी बाईच्या सोबतीला आलो आहोत आणि ती बरी झाल्याशिवाय घरी जाणार नाही, असं सांगते.’ गंमत बघा, तुमच्याच नावाची कुणीतरी!”

डॉक्टर हसले. तानूबाई हसली नाही. ती व्हरांड्यात आली आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत बसली. आयुष्यात कुणाला न घाबरलेल्या या बाईची त्या दिवशी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे दाखवायचे म्हणून रजा मागितली आणि पुण्याची गाडी पकडली. या वेळी बरोबर हवालदार नव्हता, हाताला धरायलाही कुणी नव्हतं. एवढा लांबचा पल्ला तिनं एकटीनं कधी केलाच नव्हता.

इस्पितळाच्या मागं भाजीचे वाफे होते. तिथं एक बाई खुरपं घेऊन मेथीतलं गवत काढत होती. अंगानं भरली होती, केस नीट विंचरलेले होते. तिनं मान वर केली, खुरपं टाकलं आणि धावत आली.

“मावशी! सोडलं का तुमाला? बरं वाटतंय न्हवं आता?” कुशाबाईनं तिचे दोन्ही हात धरले. “कंच्या खोलीत हुता? मी रोज इच्यारायची. ह्या नर्सबाया म्हनायच्या, आशी कुनी बाई न्हाय हितं. मला वाटायचं, लई वाढलंय तुमचं म्हनून सांगत न्हाईत. दोन येळा मला म्हनल्या, घरी जातीस का? म्हनलं, जिच्यासंगं आले तिला टाकून कशी जाऊ?”

 तानूबाई वाफ्याच्या कडेला बसली. खोटं बोलायला तिला कधी वेळ लागला नव्हता, खरं बोलायला लागला.

“कुशे, मी आजारी न्हवते. तुला आनायचं म्हनून तसं सांगितलं. तुला सोडलं आन् त्याच दिशी मी माघारी गेले.”

कुशाबाई पुन्हा वाफ्याकडं वळली. तिनं खुरपं उचललं, त्याला चिकटलेली माती बोटानं काढली. मग विचारलं, “मंग चार वर्सं तुमी घरीच हुता?”

“व्हय.”

“इंदापुरातनं लासुर्णं किती लांब हाय, मावशी?”

“एस.टी.नं तासाभराचं.”

“मंग माझ्या पोरांला बघून आला आसाल की. सरू केवढी झाली?”

 कुशाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर तानूबाईनं ऐकून घेतल्या असत्या, दोन परतही दिल्या असत्या. पण सरू केवढी झाली ते तिला खरंच माहीत नव्हतं. ती एकदाही गेली नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी कुशाबाईचा कागद काढला, त्या भ्रमाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत राहिल्या. “आता घरच्यांचा अंगठा आणा,” एवढंच म्हणाल्या. सरकारनं इस्पितळाचं दार उघडलं होतं खरं. घराचं दार कुणी उघडायचं, ते मात्र त्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

लासुर्ण्याला तानूबाई गेली ती सकाळच्या गाडीनं. दत्तोबा ओसरीवर वांगी निवडत होता. शेजारी रामहरी बसला होता आणि चंद्राबाई सुपात मिरच्या खुडत होती. दाराआडून एक उंच पोरगी बघत होती. तीच सरू. तानूबाईनं संमतीचा कागद पुढं केला आणि गोळ्यांचं, उतार पडल्याचं सांगितलं.

दत्तोबानं कागद हातातही घेतला नाही. “तानूबाई,” तो म्हणाला, “तवा कुनी सांगितलं न्हवतं मानूस परत येतं म्हनून. सांगितलं आसतं तर तिची जागा ठिवली आसती. आमी समदे रडून मोकळे झालो. आता कुठं घडी बसलीया. येत्या साली सरूचं बघायचं हाय. वेडीची लेक कोन करनार?”

“आन् पान्याचं काय?” रामहरी म्हणाला. “गोळी खायाची इसरली आन् माझी दारं फोडली तर सरकार भरून देनार हाय का?”

“ती बरी झालीया.”

“समदं बरं हाय म्हनतीस?” चंद्राबाईनं वर न बघता विचारलं. “एक बी खूळ ऱ्हायलं न्हाय?”

इथं तानूबाईला न्हाय म्हणून मोकळं होता आलं असतं. इस्पितळातल्या कागदावर तर रेघ मारलेलीच होती. पण आपल्या खोट्याचा तिलाच वीट आला होता.

“एक हुतं,” ती म्हणाली. “ती म्हनायची, मी वेडी न्हाय, तानूबाईच्या सोबतीला आले. तेवढ्यापायी तिला दोनदा ठिवून घेतली. आन् ते खूळ न्हवतं, आत्या. खरं हुतं. मीच तिला तसं सांगून नेली. समद्याच बायांला मी तसंच सांगून नेते.”

 सरू उंबऱ्यापर्यंत पुढं आली. “आय मला म्हनाली हुती,” ती म्हणाली, “मावशीला पोचवून येते. मी म्हनत हुते तर तुमी मला गप करायचा.”

चंद्राबाईनं सूप बाजूला सारलं. कुशाबाईला घालवायला म्हातारी सगळ्यांच्या पुढं होती, आणि आताही तिला परत घ्यायला सगळ्यात मागं होती. पण तिच्या चेहऱ्यावर आता निराळाच राग आला.

“मला सांग तानूबाई, तुला आयबापांनी काय शिकीवलं का न्हाय? सोबतीला नेलेली बाई जितनं नेली त्या दारात आनून सोडायची आसती. अंधार पडो का पाऊस पडो. एवढं तर परकरी पोरीला बी कळतं! आमची सून तुज्या सोबतीला गेली, चार वर्सं बसून ऱ्हायली आन् तू हितं चा पीत हिंडलीस?”

“आय, पर तिला तर आपनच...” दत्तोबा चाचरत म्हणाला.

“तू गप रं! अर्ज दिला तो कागदावर. ती घरातनं गेली कशी? सोबतीला गेली. मंग वेडी कोन? दिल्या शबदाला जागली ती वेडी, आन् आपन शानी?” मग ती रामहरीकडं वळली. “सरूच्या लग्नात कुनी इच्यारलं तर हेच सांगायचं, आय सोबतीला गेली हुती म्हनून. आन् तुझी दारं फुटली तर माझ्या पाळीचं पानी घी. पर माझी सून मी आनीन.”

रामहरीनं टोपी काढली, पुन्हा घातली. चंद्राबाईशी वाद घालून पाणी मिळवलेला माणूस त्या गावात जन्माला यायचा होता. दत्तोबानं हात धोतराला पुसला आणि अंगठा पुढं केला.

पुढच्याच आठवड्यात दत्तोबा आणि तानूबाई कुशाबाईला आणायला गेले. बारामतीला गाडी बदलली, स्टँडवर तिघांनी चहा घेतला. कुशाबाई नवऱ्याशी वांग्याच्या बियाण्याचं बोलली, तानूबाईशी एक शब्द बोलली नाही. मात्र गाडीत बसताना तिच्याच शेजारी बसली. पाटाकडची हिरवी शेतं दिसायला लागली तशी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली, आणि तानूबाईनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं.

दारात चंद्राबाईनं भाकरीचा तुकडा सुनेवरून ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं. धाकट्याला मागं घेऊन सरू पुढं आली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा म्हणून कुशाबाईनं जुन्या सवयीनं हात उचलला, तो तिच्या खांद्यापर्यंतच पोचला. तेव्हा पोरीनंच मान खाली केली. आत गेल्यावर दोघी मोठ्यानं रडल्या आणि ओसरीवर दत्तोबा उगाच बैलाच्या दाव्याची गाठ सोडबांध करत राहिला.

तानूबाईनं गोळ्यांची पुडी चंद्राबाईच्या हातात दिली, कधी किती द्यायच्या ते दोनदा सांगितलं. दर महिन्याला आपण स्वतः घेऊन येऊ, म्हणाली. मग निघायला उठली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

“बस,” चंद्राबाई म्हणाली.

“गाडी जाईल, आत्या.”

“जाऊ दे. बस म्हनते न्हवं?” म्हातारी पायरीवर बसली, तिला शेजारी बसवलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आनखी कुनाकुनाला आशी सोबतीला म्हनून ठिवून आलीस? नावं सांग.”

तानूबाईला आधी वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. पण चंद्राबाई खरंच वाट बघत होती. तानूबाई बोटांवर मोजत एकेक नाव सांगू लागली. भिगवणची, निमगावची, वडगावची. प्रत्येक नावाला म्हातारी “बरं” म्हणायची. सात नावं झाली. आठव्या बाईचं गाव आठवलं, तिच्या लुगड्याचा हिरवा काठ आठवला, तिच्या केसांतली गुंत सोडवायला लागलेली अख्खी दुपार आठवली. नाव काही केल्या आठवेना. तानूबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. गाडीचा भोंगा वाजला, फाट्यावरून गाडी निघून गेली.

“आठीव,” चंद्राबाई म्हणाली. “मी हाय हितं बसलेली.”